डोळ्यांच्या हॉस्पिटलात काउंटरवर लागलेय, रांगेचे नंबर आणि कॅशलेससाठी मदत हवी आहे

बारा वर्षांनी पुन्हा नोकरी धरलीय. ठाण्यात नौपाड्याला, छोटं हॉस्पिटल. आधीच्या मॅडम तीन दिवस शिकवून गेल्या, आता सगळं माझ्या गळ्यात. फोन, केसपेपर, फी जमतंय. अडतंय दोन ठिकाणी.

एक, नंबर. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की पेशंटला अर्धा तास तरी बसवावं लागतं. तोवर चष्म्यावाले पुढे जातात आणि "मी साडेदहाला आलेय, ही बाई आत्ता आली" सुरू होतं. वर "फक्त रिपोर्ट दाखवायचाय" म्हणणारे दाराला चिकटलेले. (हे "फक्त" आत गेलं की वीस मिनिटं बाहेर येत नाही.)

दुसरं, मोतीबिंदूचं कॅशलेस. प्री-ऑथचा (विमा कंपनीच्या आगाऊ मंजुरीचा) फॉर्म अर्धा पेशंटने भरायचा, अर्धा डॉक्टरांनी. परवा एका काकांना मी थेंब घातल्यावर फॉर्म दिला. जवळचं काही दिसेना, त्यांनी चाचपडत पॉलिसी नंबरच्या चौकटीतच सही ठोकली. पुन्हा नवा फॉर्म, खाली झेरॉक्सला पळापळ, आणि सरांचा चेहरा!

यासाठी संध्याकाळचा एखादा कोर्स करावा का? लेक दहावीला आहे, आठनंतर जमणार नाही.

प्रतिसाद
ताई, कोर्सला पैसे घालू नका. मी वाशीला सहा वर्षं हेच करतेय. थेंबवाल्यांच्या केसपेपरला लाल क्लिप लावा, कोपऱ्यात थेंबांची वेळ लिहा आणि थेंब घालायच्या आधीच सांगा, "काकू, आता तुम्हाला पाऊण तास." निम्मी भांडणं तिथेच मिटतात. सही, फॉर्म, पैसे सगळं थेंबांआधी. लेन्सच्या खोक्यातलं स्टिकर ऑपरेशन थिएटरमधून त्याच दिवशी मागून घ्या, बिलाला नसलं की टीपीएची (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या एजन्सीची) क्वेरी आलीच. आणि विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर 1 तासात, डिस्चार्जला 3 तासांत उत्तर यायला हवं. फोनवर हे बिनधास्त ऐकवा. मात्र आपले कागद पुरे हवेत, नाहीतर तेच आपल्याला ऐकवतात.

धागाकर्ती
क्लिपा उद्याच आणते. पण रिपोर्टवाल्यांचं काय?

प्रतिसाद
दर चार पेशंटांमागे एक रिपोर्टवाला सोडायचा, पण डॉक्टरांनी मान्य केलं तर. आमच्या मॅडमनी अजून केलेलं नाही.