बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याला नीट खाऊ घालायचे तर महिन्याचा खर्च किती धरावा?

सावली_परामाटा
आम्ही सिडनीजवळ परामाटाला राहतो. मुलीच्या हट्टापायी न्यू साउथ वेल्स राज्याचा असे प्राणी पाळण्याचा परवाना रीतसर काढून तीन आठवड्यांपूर्वी बिअर्डेड ड्रॅगनचे दहा आठवड्यांचे पिल्लू घरी आणले. विक्रेता म्हणाला होता की हा प्राणी मुख्यतः भाजीपाला खातो. प्रत्यक्षात भाजीकडे ते ढुंकूनही पाहत नाही आणि रातकिड्यांचा नऊ डॉलरचा डबा तीन दिवसांत फस्त करते, म्हणजे महिन्याला नव्वद डॉलर नुसत्या किड्यांवर जातात. हे असेच चालणार आहे का? अंगणातले टोळ पकडून दिले, किंवा घरात नेहमी असणारा पालक दिला, तर चालेल का?

गवतीचहा
विक्रेत्याने खोटे सांगितले नाही, पण अर्धेच सांगितले. पिल्लाच्या आहारात सुमारे तीन चतुर्थांश किडे असतात आणि पूर्ण वाढ झाल्यावर हेच प्रमाण उलटे होऊन पाल्याचा वाटा तेवढा होतो, त्यामुळे खरा भुर्दंड पहिल्या वर्षाचाच असतो. आमचा ड्रॅगन आता सहा वर्षांचा आहे. त्याला आठवड्यातून दोनदाच किडे मिळतात आणि किड्यांचा खर्च महिन्याला वीस डॉलरच्या वर जात नाही.

अंगणातले टोळ मात्र देऊ नका, कारण शेजाऱ्यांनी कोणते कीटकनाशक फवारले आहे हे आपल्याला कळत नाही आणि जंगली किड्यांतून जंतही येतात. त्यापेक्षा इथे ‘वूडी’ म्हणून मिळणारी झुरळे घरीच वाढवा. झाकणाला जाळी लावलेला प्लॅस्टिकचा खोल डबा, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, गाजराचे तुकडे आणि थोडे कोरडे खाद्य एवढ्यावर त्यांची वसाहत चालते. ती गुळगुळीत भिंतीवरही चढतात, म्हणून आतून वरच्या कडेला व्हॅसलीनचा रुंद पट्टा फिरवावा लागतो. वसाहत बसायला चार-पाच महिने जातात आणि तोवर त्यातले किडे काढायचे नाहीत, हा संयम ठेवावा लागतो. रातकिड्यांसारखी रात्रभर किरकिर नाही आणि वासही कमी. पुण्याहून आलेल्या आमच्या आईने तो डबा उघडून पाहिला आणि त्यानंतर दोन दिवस ती स्वयंपाकघरात चहाही करायला तयार नव्हती, ही गोष्ट वेगळी.

तिसरा_प्रहर
गवतीचहा यांच्या हिशेबात एक रकाना राहिला आहे. रातकिडे असोत वा झुरळे, त्यांच्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस बराच जास्त असतो, म्हणून किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी लागते; आणि ते कॅल्शियम अंगी लागण्यासाठी लागणारे डी-3 जीवनसत्त्व ड्रॅगनच्या त्वचेत उन्हातल्या यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांमुळे तयार होते. म्हणून हे किरण देणाऱ्या दिव्याच्या, म्हणजे यूव्हीबी नळीचा खर्च मी आहाराच्याच खर्चात धरतो. नळी जळत असली तरी तिचे यूव्हीबी हळूहळू कमी होत जाते, त्यामुळे ती साधारण वर्षाने बदलावी लागते. गेल्या खेपेला मला सत्तर डॉलर पडले.

माझ्या पहिल्या ड्रॅगनच्या वेळी मी ते सत्तर डॉलर वाचवले होते. खिडकीतून ऊन येते, तेवढे पुरेल असे मला वाटले. पण काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. पाच महिन्यांनी त्याचा खालचा जबडा रबरासारखा मऊ लागू लागला आणि तोंडात धरलेला किडा निसटून जाऊ लागला. पशुवैद्याचे बिल चार आकडी झाले, आणि जबडा वाकडा राहिला तो राहिलाच. काटकसर करायचीच असेल तर सिडनीचे ऊन फुकट आहे: जाळीच्या पिंजऱ्यात, एका बाजूला सावली ठेवून, आपण जवळ बसून त्याला बाहेर ऊन द्या.

ओवी_ब्रिस्बेन
पालक नको, कारण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. एंडाइव्ह ही सॅलडची पालेभाजी, डँडेलियनची पाने आणि किसलेला लाल भोपळा चालतो. अॅव्होकॅडो मात्र विषारी आहे. अंगणात जास्वंद असेल आणि तिच्यावर फवारणी होत नसेल, तर पाने आणि फुले दोन्ही द्या. आमच्याकडे सकाळी पहिले फूल गणपतीला आणि दुसरे ड्रॅगनला असा क्रम आहे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा, हेही लक्षात ठेवा.

सावली_परामाटा
सर्वांचे आभार. दुकानदाराने दिलेला दिवा काढून पाहिला, तर तो नुसता उष्णतेचा निघाला, त्यामुळे आजच यूव्हीबी नळी मागवली. काल भोपळ्याच्या किसात रातकिडे सोडले होते. पिल्लाने एका रातकिड्याबरोबर किसाची एक काडीही गिळली आणि मग बराच वेळ आमच्याकडे रागाने पाहत बसले. झुरळांच्या डब्याविषयी घरात अजून चर्चा चालू आहे.