अनुभव धागा : पुण्यातल्या सुट्टीच्या उपक्रमांसाठी ॲप काढावे का?

माझ्या ओळखीतल्या दोन तरुण अभियंत्यांनी पुण्यासाठी एक ॲप काढायचे मनात घेतले आहे. शनिवार-रविवारचा ट्रेक, बॅडमिंटनचे कोर्ट, बॉक्स क्रिकेटचे टर्फ, नाटक, पक्षीनिरीक्षण असे सगळे एकाच जागी दिसावे, तिथेच नाव नोंदवून पैसे भरता यावेत आणि आयोजकाकडून प्रत्येक नोंदणीमागे १५ टक्के कमिशन घ्यावे, अशी त्यांची कल्पना आहे. नोकरी सोडण्यापूर्वी त्यांनी माझे मत विचारले. ज्यांनी असे उपक्रम चालवले आहेत, त्यांत भाग घेतला आहे किंवा त्यांना जागा दिली आहे, त्यांचे अनुभव वाचल्याखेरीज मत देणे मला बरे वाटले नाही, म्हणून काही जणांना मुद्दाम लिहायला सांगितले.

मैदान मोकळे नाही, हे आधीच नोंदवतो. बुकमायशो २००७ पासून तिकिटे विकत आहे, बंगळुरूत सुरू झालेले प्लेओ कोर्ट आणि मैदाने आरक्षित करून देते आणि झोमॅटोने २०२४ मध्ये पेटीएमचा तिकीटविक्रीचा व्यवसाय घेऊन ‘डिस्ट्रिक्ट’ हे ॲप आणले. त्यामुळे यादी एकत्र करणे एवढ्यावर नव्या ॲपचा निभाव लागणार नाही. ‘असे ॲप आवडेल का?’ हा प्रश्न मी कोणालाच विचारलेला नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. शेवटचा उपक्रम कसा सापडला, पैसे केव्हा दिले आणि पुढच्या वेळी फोन कोणाला केला, एवढेच लिहावे अशी विनंती केली होती.

ट्रेक आयोजक, पुणे

मी राजगडाच्या एका दिवसाच्या ट्रेकचा हिशेब जसाच्या तसा मांडतो, कारण कमिशनचा प्रश्न त्यातच सुटतो. सतरा सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये १५ मेंबर आणि दोन लीडर बसतात. माणशी १,२०० रुपयांप्रमाणे १८,००० रुपये जमतात. त्यातून गाडीचे ९,००० जातात, सतरा जणांचा नाश्ता आणि जेवण माणशी २५० रुपयांनी ४,२५० होते आणि दोन लीडरचे मानधन २,००० असते. हाती २,७५० रुपये उरतात. आता १८,००० वर १५ टक्के कमिशन म्हणजे २,७०० रुपये, आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ४८६. माझ्यासारखा छोटा आयोजक जीएसटीत नोंदलेला नसतो, त्यामुळे तो कर परत मिळत नाही. म्हणजे गाडी पूर्ण भरूनही मी खिशातून पैसे घालायचे.

खरे दुखणे मात्र आयत्या वेळी होणाऱ्या रद्द नोंदण्यांचे आहे. शनिवारी रात्री दहानंतर तिघांनी ‘जमत नाही’ असा निरोप पाठवला की जमा १४,४०० वर येते. गाडी ठरलेली असते आणि गुंजवण्यात ज्या मावशींकडे आम्ही पिठलं-भाकरी घेतो, त्यांना किती ताटे हवीत हे संध्याकाळीच कळवलेले असते. त्यांनी पीठ मळायला घ्यायच्या आधी आकडा पक्का होणे ही माझी गरज आहे. प्रतीक्षायादीतला माणूस रात्री अकरा वाजता रिकाम्या सीटवर आणून बसवणारे, त्याच्याकडून पैसे घेऊन पिकअपची जागा कळवणारे ॲप कोणी काढले, तर मी त्या प्रत्येक सीटमागे आनंदाने १०० रुपये देईन. ज्या मेंबरना मी स्वतः जमवले आहे, त्यांच्यावर मात्र कोणाला काही देणे मला परवडत नाही.

पावसाळ्याचाही विचार या मुलांनी करावा. आमचा मुख्य हंगाम जून ते सप्टेंबर, आणि नेमक्या त्याच दिवसांत धबधबे, धरणे आणि काही गडवाटांवर प्रशासन बंदी घालते. अशा वेळी परतावा कोणी करायचा, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवलेले नसेल तर भांडण आयोजक आणि ॲप यांच्यात लागते आणि मेंबर दोघांनाही सोडून जातो.

संगणक क्षेत्रात नोकरी, मूळ नागपूर, सध्या वाकड

पुण्यात आले तेव्हा माझ्या ओळखीचे कोणी नव्हते, त्यामुळे हे ॲप ज्यांच्यासाठी आहे असे म्हणतात, त्यांतली मी एक आहे. उपक्रमांच्या याद्या मला तेव्हाही भरपूर दिसत होत्या. निर्णय अडत होता तो वेगळ्याच माहितीवर. बरोबर आणखी किती मुली आहेत, लीडर कोण आहे आणि त्याला प्रथमोपचार येतात का, परतीची गाडी वाकडला किती वाजता सोडेल, आणि उशीर झाला तर उतरल्यावर घरापर्यंत काय सोय आहे, हे कुठेच लिहिलेले नसे. छायाचित्रे मात्र ढगांची आणि उड्या मारणाऱ्या माणसांची असत.

ज्या गटाबरोबर मी शेवटी गेले, त्यातल्या महिला लीडरने आदल्या दिवशी स्वतः फोन केला, बूट कोणते आहेत ते विचारले आणि परतीचा शेवटचा थांबा सांगितला. त्या फोनमुळे मी गेले, आणि त्यानंतर दर वेळी थेट त्यांनाच निरोप पाठवते. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी अशी तरतूद आहे. ॲप काढणाऱ्यांनी ती नोंदणी स्वतः तपासून दाखवली, तर माझ्यासारखीला त्याचा खरा उपयोग होईल. ‘२३ जण जात आहेत’ या आकड्याचा होत नाही.

बॅडमिंटन कोर्टचे व्यवस्थापक, कोथरूड

सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा या वेळा आमच्याकडे महिन्याच्या फिक्स बॅचना दिलेल्या असतात. ॲपवाले येतात आणि याच वेळांचे स्लॉट मागतात, कारण त्यांच्या ग्राहकांना त्याच वेळा हव्या असतात. आमची कोर्टे रिकामी असतात ती अकरा ते चार. त्या वेळेत गृहिणी, निवृत्त मंडळी किंवा रात्रपाळी करणारे लोक कोणी आणून देत असेल, तर कमिशनचा आकडा आम्ही वाढवूनही देऊ.

निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

आम्हा मैत्रिणींना नाटकाची माहिती वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून मिळते आणि बालगंधर्वच्या खिडकीवर जाऊन, नकाशात बोट ठेवून खुर्ची निवडणे आम्हांला अजून आवडते. अडचण रात्री साडेनऊच्या प्रयोगानंतर येते. पडदा पडेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात, रिक्षा मिळत नाही, आणि त्या भीतीने निम्म्या जणी यायचेच टाळतात. एकाच प्रयोगाला आलेल्या, एकाच भागात राहणाऱ्या चौघींची परतीची रिक्षा आधी ठरवून देता आली, तर तिकिटावर वीस-तीस रुपये जास्त द्यायला आम्हांला काहीच वाटणार नाही.

पक्षीनिरीक्षण फेऱ्या घेणारा, हडपसर

कवडीपाटला मी मोजक्याच माणसांना नेतो, कारण नदीकाठी मोठा घोळका उभा राहिला की पक्षी उठतात आणि मागून येणाऱ्यांना फक्त पाणी दिसते. माझ्यासारख्याला वाढ नकोच आहे. भिगवणला तर हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला येणाऱ्यांना उजनीच्या पाण्यात नेणारे नावाडी हे तिथलेच मच्छीमार आहेत. त्यांच्या भाड्यातून पुण्यात बसून टक्का कापण्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

उत्पादन व्यवस्थापक, ठाणे

आम्ही काही मित्रांनी ठाण्यात हीच कल्पना ॲप न बांधता पडताळून पाहिली. एक गूगल फॉर्म, एक व्हॉट्सॲप गट आणि यूपीआयचा क्यूआर कोड एवढे साहित्य पुरले. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की फुकट नोंदणीला काहीही अर्थ नसतो. नोंदणीच्या वेळी १०० रुपये अनामत घ्यायला लागलो, तेव्हा नावे झपाट्याने कमी झाली, पण जी राहिली ती माणसे खरोखर आली. दुसरी गोष्ट वर वाकडच्या ताईंनी लिहिलीच आहे. ट्रेक किंवा कार्यशाळेत ओळख झाली की माणूस पुढच्या वेळी थेट आयोजकाकडे जातो, आणि यात कोणाची लबाडी नसते, विश्वास बसल्यावर मध्यस्थाची गरज उरत नाही इतकेच. अशा उपक्रमांतून टिकाऊ कमिशन मिळेल असे गृहीत धरून कोणीही खर्चाचा आराखडा करू नये.

टिकली ती वेगळीच गोष्ट. बॅडमिंटनच्या दुहेरीत चौथा गडी आयत्या वेळी येत नाही आणि तिघे कोर्टाचे पैसे भरून उभे राहतात, ही अडचण दर आठवड्याला येते, ती तासाभरात सोडवावी लागते आणि साधारण तेवढाच चांगला खेळणारा अनोळखी माणूस चालतो. तिथे लोक पुन्हा पुन्हा आमच्याकडे आले. मात्र त्यासाठी एकाच परिसरात खेळाडूंची दाटी लागते. घोडबंदर रस्त्यावरचा गडी नौपाड्यात अर्ध्या तासात पोहोचत नाही. संपूर्ण शहर एकदम उघडले असते, तर प्रत्येक भागात चारदोन माणसे दिसली असती आणि जुळणी कुठेच झाली नसती.

धागाकर्त्याकडून

वरचे सगळे त्या दोघांनी वाचले आहे आणि नोकरी सोडण्याचा विचार त्यांनी तूर्त बाजूला ठेवला आहे. पावसाळा संपल्यावर फक्त कोथरूड आणि कर्वेनगर या भागांत, अनामत घेऊन, दुहेरीचा चौथा गडी आणि ट्रेकच्या गाडीतली रिकामी सीट या दोनच गोष्टी व्हॉट्सॲपवरून जुळवून पाहायच्या, असे ठरले आहे. पैसे फक्त झालेल्या जुळणीवर घेतले जातील. त्या भागातल्या कोर्टचालकांनी दुपारचे दर आणि रद्द करण्याचे नियम इथे लिहिले, तर त्यांना लगेच उपयोग होईल. तसेच पोहण्याच्या आणि गाण्याच्या बॅच चालवणाऱ्यांचे अनुभव अजून आलेले नाहीत. मध्येच सोडून गेलेल्या माणसाच्या जागी नवा कसा घेता आणि उरलेल्या फीचे काय करता, हे त्यांनी अवश्य सांगावे.