मदत हवी आहे: आईंची काळजी घेणारी एकटी मीच, मलाच ताप आला तर?

धागाकर्ती, १४ मार्च २०२०

नमस्कार. कोरोनावर इथे आधीच ढीगभर धागे आहेत आणि ते जवळजवळ सगळे वाचून झालेत. तरी नवा काढतेय, कारण माझी अडचण त्यांत कुठेच बसत नाही.

घरी आम्ही तिघं. सासूबाई (वय ७९), नववीतला मुलगा आणि मी. नवरा कामासाठी परदेशी आहे. विमानांचं सध्या जे चाललंय ते बघता कधी येईन हे त्यालाही सांगता येत नाही. आईंना जुना मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून उजव्या हातात जोर नाही. त्यामुळे इन्सुलिनचं पेन स्वतःचं स्वतः टोचता येत नाही. ऐकू फार कमी येतं. कानाचं यंत्र आहे, पण ते कपाटात. आपल्या ओठांकडे बघून त्या बरोबर ओळखतात काय बोलतोय ते. मी कामावर गेले की एक मावशी येतात, आंघोळ आणि चालवणं त्या बघतात. सुईला मात्र हात लावणार नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक साथ असल्याचं जाहीर केलं आणि त्या रात्रीपासून घरच्या ग्रुपवर याद्या यायला लागल्या. महिन्याचं धान्य, साबण, मास्कचे खोके. दीर तर रोज फोन करून विचारतात, "आणलंस का?" निम्मी यादी मुकाट्याने आणली, कपाट भरलं, फोटो पाठवला, सगळ्यांनी अंगठे दाखवले. मग रात्री आईंसाठी पेन काढलं आणि लक्षात आलं की पेनं आहेत, सुया आहेत, साखर तपासायच्या स्ट्रिप्स आहेत, पण उद्या मलाच ताप भरला तर हे पेन हातात धरणार कोण? एकाही यादीत माणूस नाही. सगळ्या वस्तूच.

मी उगाच घाबरतेय का, हेही मनात येऊन गेलं. पण चीनच्या अहवालातले आकडे वाचले. निदान पक्कं झालेल्यांपैकी सत्तरीतल्यांत मृत्यूचं प्रमाण ८ टक्के, ऐंशीच्या पुढे १४.८. आई बरोबर त्या उंबरठ्यावर उभ्या आहेत, वर मधुमेह. म्हणजे त्यांना माझ्यापासून लांब ठेवायला हवं, आणि माझ्याशिवाय त्यांचा एक दिवस जात नाही. या दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या?

जास्त अडलंय ते तीन ठिकाणी. चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन द्यायला शिकवणं बरोबर आहे का? मास्क लावला तर आईंना माझं काही कळणारच नाही, त्याचं काय करू? आणि इन्सुलिन किती आणून ठेवलं तर ती तयारी, आणि कुठून पुढे ती साठेबाजी? अनुभवी लोकांनी कृपया लिहा. लसूण आणि गरम पाणी हे दोन्ही घरच्या ग्रुपवर येऊन गेलंय, ते इथे नको.

*

आकडेमोड

ताई, तयारी आत्ताच करताय ते योग्यच. रुग्ण कमी दिसतात म्हणून लोक निवांत आहेत, पण दर तीन दिवसांनी आकडा दुप्पट होतो असं धरलं तर एका रुग्णाचे महिन्याभरात १०२४ होतात. पहिले पंधरा दिवस काहीच घडत नाहीये असं वाटतं, सगळी गडबड शेवटच्या आठवड्यात. डायमंड प्रिन्सेस जहाजावर ३७११ माणसं होती, त्यांतल्या सातशेच्या आसपास लोकांना लागण झाली. तेव्हा नंतर डॉक्टरांना विचारू असं ठेवू नका. त्यांना श्वास घ्यायला फुरसत आहे तोवर विचारून घ्या.

इन्सुलिन टोचण्यातलं मला काही कळत नाही. जाणकार सांगतील.

*

जुनं खोड

फार विचार करताय. दरवर्षी फ्लू येतो, माणसं खोकतात, बरी होतात. २००९ साली स्वाइन फ्लूची अशीच जागतिक साथ जाहीर झाली होती, जून महिन्यात. मी धावत जाऊन टॅमिफ्लू या फ्लूवरच्या औषधाची पाकिटं आणून ठेवली. घरात कुणाला साधी शिंकही आली नाही. मुदत संपल्यावर कितीतरी वर्षांनी ती खणात सापडली, तेव्हा बायकोने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

*

धागाकर्ती

@जुनं खोड, काका, हसले. पण तुमचं पाकीट खणात पडून राहिलं तरी चालत होतं. आईंचं इन्सुलिन एक दिवस चुकलं तर चालत नाही, आणि त्याला स्वाइन फ्लू किंवा कोरोना असायचीही गरज नाही. मला साधा फ्लू झाला तरी प्रश्न हाच.

@आकडेमोड, धन्यवाद. सोमवारी सकाळीच डॉक्टरांना फोन करते.

*

रातपाळी

मी परिचारिका आहे, वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. ड्यूटीवरून आत्ता आलेय, जमेल तसं लिहिते. विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

आधी मुलाचं. चौदा हे वय लहान नाही. ज्यांना स्वतःला मधुमेह असतो ती मुलं दहा-बाराव्या वर्षी स्वतःचं स्वतः टोचून घेतात. फक्त टोचणं वेगळं आणि किती द्यायचं ते ठरवणं वेगळं. ठरवण्याचं ओझं त्याच्यावर टाकू नका. डॉक्टरांकडून लेखी घ्या: किती युनिट, कोणत्या वेळी, साखर कितीच्या खाली असली तर न देता आधी फोन करायचा. हा कागद असला की त्याला फक्त वाचायचं आणि तसं करायचं. पहिले चार-पाच दिवस तुमच्यासमोर करू द्या, तुम्ही धडधाकट आहात तोवरच. तापात पडून शिकवता येत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

साखर उतरली तर काय हे मात्र मुलगा आणि मावशी दोघांनाही पाठ हवं. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. मीटरवर ७० च्या खाली आकडा आला आणि शुद्ध आहे, गिळता येतंय, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची. यात सुई कुठेच नाही, त्यामुळे मावशी तयार होतील.

मावशींवरून आठवलं. आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापणार नाही असं त्यांना आजच सांगून टाका. नाहीतर ताप अंगावर काढून त्या कामावर येतील, आणि त्यात त्यांची काहीही चूक नसेल. तुमच्या त्या याद्यांत हे कुणी लिहिलं नसेल, पण मास्कच्या खोक्यापेक्षा हे जास्त उपयोगी आहे.

तुम्हाला खोकला किंवा ताप सुरू झाला की त्याच तासाला वेगळं व्हायचं. तपासणी होईल, निकाल येईल, मग बघू, असं नाही. तुम्ही दार लावून एका खोलीत, खिडकी उघडी. ताट दाराबाहेर ठेवायचं, भांडी नेहमीच्या साबणाने घासली तरी पुरतात. नळ, कड्या, बटणं पुसायला ब्लीच वापरायचं असेल तर ५ टक्क्यांच्या बाटलीतलं एक माप आणि पाणी ४९ मापं. ते ॲसिडमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. स्वच्छतेच्या भरात ही चूक फार होते.

मास्क. सध्याची सूचना अशी आहे की जो आजारी आहे त्याने लावायचा आणि जो त्याची सेवा करतो त्याने. तुम्ही बऱ्या असताना आईंसमोर लावायची गरज नाही, तेव्हा ओठ दिसू देत. बाहेरून आलात की आधी हात, वीस सेकंद, नखांच्या कडेला आणि अंगठ्याला विसरायचं नाही. बहुतेक जण तळवे चोळतात आणि अंगठा कोरडाच राहतो. आणि तुम्ही आजारी असाल तेव्हा मास्क लावूनही त्यांच्याजवळ जायचं नाहीच आहे, त्यामुळे ओठांचा प्रश्न तेव्हा मुलाचा. एक पाटी आणा. मोठ्या अक्षरात लिहून दाखवायची सवय आतापासून लावा. आणि ते कानाचं यंत्र कपाटातून बाहेर काढा, सेल घाला. कुरकुर करतील, करू देत.

इन्सुलिन एक महिन्याचं जादा असलं तर त्याला साठेबाजी कुणी म्हणणार नाही. न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, पण बर्फाच्या कप्प्याला लागून नकोत. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी फेकायचं. चालू पेन बाहेर राहू शकतं, बहुतेक कंपन्यांचं २८ दिवस, तरी पाकिटावर बघा. उघडल्याची तारीख पेनावर चिकटपट्टी लावून लिहा. सहा महिन्यांचं आणून ठेवलं तर मात्र दुसऱ्या कुणाच्या आईचं तुमच्या फ्रिजमध्ये पडून राहील.

शेवटचं, आणि हे जरा लक्ष देऊन वाचा. म्हाताऱ्या माणसांत ताप येईलच असं नाही. गुंगी, बोलण्यात गोंधळ, जेवणावरून मन उडणं, हेच पहिलं लक्षण असू शकतं. मधुमेह असेल तर काही कारण नसताना साखर चढायला लागणं हाही इशारा. आणि चार दिवसांत बरं वाटलं म्हणून निर्धास्त होऊ नका. वुहानच्या सुरुवातीच्या रुग्णांत ज्यांना दम लागला त्यांना तो साधारण आठव्या दिवशी लागला होता. दम लागणं, छातीत सतत दुखणं, ओठ निळसर होणं, यांपैकी काही दिसलं तर कुणाला विचारत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आजारपणात इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही, जेवण कमी झालं तरी. डॉक्टरांना फोन.

आता झोपते.

*

जुनं खोड

@रातपाळी, मुलगी असावी तर अशी. धागाकर्ती ताई, माझा वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण आमच्या घरी बीपीच्या गोळ्या कुठे असतात ते फक्त बायकोला माहीत आहे, हे आत्ता लक्षात आलं. विचारून आलो. "कशाला हव्यात?" म्हणाली.

*

धागाकर्ती, १७ मार्च

उशिरा लिहितेय, माफ करा. डॉक्टरांशी बोलणं झालं. मुलाला शिकवायला त्यांची हरकत नाही, युनिटचा आणि फोन कधी करायचा त्याचा कागद त्यांनी लिहून दिला. मावशींना पैशांचं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाल्या, घरी नातवाला सर्दी आहे, दोन दिवस येत नाही. @रातपाळी, हे तुमच्यामुळे.

आता कागदाची गंमत. डॉक्टरांचा कागद आकड्यांपुरता होता, बाकीचं मी लिहून काढलं. रोज दोनदा करते, दहा मिनिटांत लिहून झालं. मुलाला दिलं आणि म्हटलं, मी घरात नाहीच असं समज. संपत आलेलं एक जुनं पेन दिलं, टोचायला आईंच्या जागी भांडी घासायचा कोरा स्पंज.

पहिल्याच ओळीवर अडला. मी लिहिलं होतं, "नेहमीसारखी साखर बघ." म्हणाला, नेहमीसारखी म्हणजे जेवणाआधी की नंतर? कुठलं बोट? दुसरी ओळ, "नवी सुई लाव." लावली, पण आतली छोटी टोपी तशीच ठेवली. सुईतून इन्सुलिन येतंय ना हे बघायला आधी दोन युनिट हवेत उडवतात, ते करायला गेला, तर काहीच उडेना. त्या टोपीचा मी कागदावर उल्लेखच केला नव्हता. इतकी वर्षं काढून फेकतेय, तिला काही नाव आहे का तेही माहीत नाही. मग सगळं जुळलं, स्पंजात टोचलं, बटण दाबलं आणि लगेच सुई बाहेर. टोकाला थेंब लोंबत होता. दहा मोजायचं असतं हे मी लिहिलं होतं, पण बटण पूर्ण दाबल्यानंतर मोजायचं हे नव्हतं लिहिलं. त्याने दाबता दाबताच मोजून टाकलं होतं.

त्या एका पानाची आता तीन पानं झालीत. "नेहमीसारखं" हा शब्द सहा ठिकाणी होता, सगळीकडून काढला.

आई हे सगळं पलंगावरून बघत होत्या. काल संध्याकाळी त्याने पहिल्यांदा खरं इंजेक्शन दिलं, मी दारात उभी. तो घाईघाईने मोजायला लागला तसा त्यांनी डावा हात त्याच्या मनगटावर ठेवला आणि बोटाने एकेक आकडा ठोकला, सावकाश. दहा झाल्यावर हात काढला. ऐकू काही गेलं नव्हतं, त्याचे ओठ बघून मोजत होत्या.

एक अडचण नवीन निघाली. पाटीवरचं वाचायला आईंना चष्मा लागतो आणि तो कुठे ठेवलाय हे फक्त मला सापडतं. दुसरा करायला टाकलाय, दोरीसकट. तोवर कुणाला सुचलं तर सांगा: मी खोलीत बंद असेन तेव्हा आईंना रात्री काही लागलं तर त्यांनी मुलाला उठवायचं कसं? तो घंटेने उठत नाही, आणि घंटा वाजली की नाही हे त्यांना कळत नाही.