मदत हवी आहे: माझ्या वतीने मामांनी प्रमाणपत्र घ्यायचं, तर पत्र कसं लिहू?

निशिगंध
तातडीचं आहे. माझं प्रमाणपत्र मामांना आणायला सांगितलं होतं. मी दिलेलं पत्र घेऊन ते गेले, खिडकीवरच्या बाईंनी वरवर पाहिलं आणि "असं चालत नाही" म्हणून परत पाठवलं. मग कसं चालतं, ते सांगितलं नाही. अधिकारपत्राचा ठरलेला नमुना असतो का? असेल तर इथेच टाका, लिंका नकोत. महिनाअखेरीस कागद हातात हवाय.

रानवारा
कसलं प्रमाणपत्र? जन्माचं, जातीचं, पदवीचं? आणि तुम्ही स्वतः का जात नाही?

खवट_म्हातारा
नमुना-बिमुना काही नसतं हो. शंभरच्या बाँडवर लिहा आणि नोटरी करा. तो लाल शिक्का दिसला की पलीकडचा माणूस आपोआप सरळ बसतो. माझी सगळी कामं अशीच झालीत.

आवक_जावक
काका, शंभरचा बाँड विसरा आता. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात जिथे शंभर-दोनशेचा लागायचा तिथे पाचशेचा लागतो. आणि साध्या अधिकारपत्राला बाँड कशाला? कोऱ्या कागदावर होतं ते.

निशिगंध
पदवी प्रमाणपत्र. मी डब्लिनला आहे, म्हणून तर मामा. इथे बाँड कुठून आणू?

शेतकरीपुत्र
मी सातबारा घरबसल्या काढला. १५ रुपये भरले, डिजिटल सहीचा उतारा लगेच डाउनलोड. ना पत्र, ना तलाठी.

रानवारा
अहो, त्यांना पदवी हवी आहे, जमीन नाही.
निशिगंध, पोस्टाने का नाही मागवत?

निशिगंध
पोस्टानेच पाठवलं होतं त्यांनी. घराला कुलूप, पाकीट परत गेलं. आता विद्यापीठाच्या परीक्षा विभागात पडून आहे.

टेक्नोसॅव्ही_तात्या
डिजिलॉकर, म्हणजे सरकारचं कागदपत्रांचं ऑनलाइन कपाट, बघा. विद्यापीठाने पदवी तिथे टाकली असेल, तर ती कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची. २०१६ चे नियमच आहेत तसे. खिडकीचा प्रश्नच मिटला!

निशिगंध
२००९ ची पदवी आहे. शोधली, नाही तिथे. आणि इथल्यांना मूळ कागदच बघायचाय. प्लीज, पत्राबद्दल बोला ना कोणीतरी.

आवक_जावक
बोलतो, पण आधी हे सांगा. मामांनी नेलेलं पत्र तुमच्या हातच्या सहीचं होतं, की व्हॉट्सॲपवरच्या फोटोचा प्रिंट? सोबत काय जोडलं होतं?

निशिगंध
प्रिंट. सोबत माझ्या पासपोर्टची झेरॉक्स. सही माझीच आहे, खोटी नाही.

आवक_जावक
पासपोर्ट कोणत्या नावाचा?

निशिगंध
लग्नानंतरच्या. पदवी अर्थातच माहेरच्या नावाची. पण त्याचा इथे काय संबंध?

खवट_म्हातारा
घ्या! रामायण संपलं.

आवक_जावक
मी अशाच एका खिडकीच्या आतल्या बाजूला नोकरी केली आहे, म्हणून सांगतो. आतला माणूस भाषा बघत नाही. पाकिटावरचं नाव, पत्रातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळतंय का, एवढंच बघतो. मग सही अर्जावरच्या सहीशी ताडतो. उद्या तुम्हीच "माझं प्रमाणपत्र भलत्याला दिलं" म्हणून तक्रार केलीत, तर जबाब त्याला द्यायचा असतो. तुमच्या बाबतीत नावही वेगळं, सहीही बदललेली, वर फोटोचा प्रिंट. त्या बाईंनी कारण सांगायला हवं होतं, हे मात्र खरं.

पत्र असं लिहा:

"प्रति, परीक्षा विभाग. विषय: पदवी प्रमाणपत्र प्रतिनिधीमार्फत मिळणेबाबत. मी, (पदवीवरचं पूर्ण नाव), विवाहानंतरचे नाव (पासपोर्टवरचं), परीक्षेचे वर्ष अमुक, आसन क्रमांक अमुक. टपालाने पाठवलेले माझे प्रमाणपत्र आपल्याकडे परत आले आहे. मी परदेशात असल्याने माझे मामा (नाव, पत्ता, ओळखपत्राचा प्रकार) यांना ते स्वीकारून पोच देण्याचा अधिकार देत आहे. त्यांची नमुना सही खाली आहे व ती मी प्रमाणित करते."

खाली तुमच्या दोन्ही सह्या, जुनी आणि नवी. सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलाच्या राजपत्राची प्रत, एखादी गुणपत्रिका, अर्जाची पावती. आधी मामांची सही, मग तुमची, म्हणजे मामांनी सही केलेला कागद तुमच्याकडे यायला हवा. तेवढा वेळ नसेल तर त्यांची सही खिडकीसमोर घ्यायला तयार आहेत का, ते विचारा. मूळ पत्र कुरिअरने पाठवा. विभागाला ईमेलही करा, अर्जात जो पत्ता दिला होता त्यावरूनच, आणि उत्तर आलं तर मामांना त्याचा प्रिंट न्यायला सांगा. मामांनी स्वतःचं मूळ ओळखपत्र नेलंच पाहिजे, नुसती झेरॉक्स नको.

कायदेकानू
एवढा खटाटोप कशाला? सरळ कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करा. डब्लिनच्या भारतीय दूतावासात साक्षांकन होतं, नाहीतर तिथल्या नोटरीकडून करून अपॉस्टिल घ्या, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथलं सरकार देतं तो दाखला. आयर्लंड आणि भारत दोन्ही अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, भारत २००५ पासून.

आवक_जावक
आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, हे कोण सांगणार? एका पाकिटासाठी?

कायदेकानू
भविष्यातही उपयोगी पडेल. सर्वाधिकाराचंच करून टाका.

रानवारा
अजिबात नको! प्रमाणपत्र आणायला सर्वाधिकार? उद्या त्याच कागदावर फ्लॅट विकता येईल. मामा चांगलेच असतील, पण कागद मामांच्याच हातात राहील कशावरून? विभागाने लेखी मागितलं तरच करा, आणि तेही फक्त या कामापुरतं, विशेष.

खवट_म्हातारा
माझा उपाय अजून सोपा. कोऱ्या कागदावर सही करून पाठव पोरी, मामा इथे बाँडवर चिकटवून नोटरी करून आणतील. माझ्या ओळखीचा आहे एक.

आवक_जावक
काका, सही करणारी नोटरीसमोर हजर हवी. ती डब्लिनला असताना इथला शिक्का म्हणजे सरळ बनावट कागद. पोरीला अडकवाल.

खवट_म्हातारा
बरं बाबा. आमच्या वेळी एवढं कोणी बघत नव्हतं.

टेक्नोसॅव्ही_तात्या
एक राहिलं. आधार जोडणार असाल तर मास्क केलेलं जोडा, फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आणि झेरॉक्सवर आडवं लिहा: कशासाठी, कोणत्या तारखेला.

निशिगंध
विवाह प्रमाणपत्र सासरी आहे, ते स्कॅन करून मागवते. जुनी सही मला आता जमेल का, हाच प्रश्न आहे. मूळ पत्र पोचायच्या आत ईमेलवर काम झालं तर बरं. मामा सोमवारी परत जायला तयार आहेत, फक्त "त्या बाई नसतील अशा वेळी" म्हणतात.

रानवारा
त्यांना सांगा, त्या बाई असतानाच जा. त्यांना प्रकरण माहीत आहे, नव्या माणसापुढे पहिल्यापासून सांगावं लागेल.

सुगरण_७७
याच धाग्यात विचारते. माझ्या आत्याचं मृत्यू प्रमाणपत्र हवंय, तिच्या मुलांनी पत्र दिलं नाही तर मला मिळेल का?

कायदेकानू
जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९, कलम १७. नोंदीचं प्रमाणपत्र कोणीही मागू शकतं, फक्त मृत्यूचं कारण त्यात देत नाहीत. तरी नातं विचारतातच. पण ताई, यासाठी वेगळा धागा काढा, इथे शेतकरीपुत्र परत सातबारा घेऊन येतील.