जुनी मोटारबोट घेऊन घरच्या गाडीने ओढून आणावी का?

नोव्हायकर:

नमस्कार. आम्ही मिशिगनमधील नोव्हाय येथे राहतो आणि उन्हाळ्यात मुलांना कॅस लेकवर नेता यावे म्हणून एक जुनी मोटारबोट घेण्याचा विचार करीत आहोत. ओहायोतील पोर्ट क्लिंटनजवळच्या एका गृहस्थांकडे २००६ सालची १८ फुटी फायबरग्लासची बोट ट्रेलरसह विक्रीला आहे. इंजिन ३.० लिटरचे मर्क्रूझर, म्हणजे आत बसवलेले आणि मागे ड्राइव्ह (पंखा फिरवणारा बाहेरचा भाग) असलेले. बोटीचे वजन २२०० पौंड असल्याचे मालक सांगतात. आमची गाडी २०१६ची व्ही-६ (सहा सिलिंडरची) टोयोटा हायलँडर आहे. तिला हिच (मागे ट्रेलर जोडण्याचा सांधा) नाही, पण जवळच्या एका गॅरेजने ५००० पौंडांची हिच बसवून देण्याची तयारी दाखविली आहे. येत्या शनिवारी सर्वांनी मिळून जावे आणि बोट पसंत पडल्यास त्याच दिवशी ओढत आणावी, असा बेत आहे. ५०००मध्ये २२०० सहज बसतात, असा माझा हिशेब आहे. तो बरोबर आहे का, आणि तेथे गेल्यावर नेमके काय पाहावे?

हिशेबी:

हिशेबातील दोन्ही आकडे तपासून घ्यावे लागतील. २२०० हे माहितीपत्रकातील कोरड्या बोटीचे वजन दिसते. त्यात सुमारे ७०० पौंडांचा ट्रेलर, २५ गॅलनची टाकी भरलेली असल्यास दीडशे पौंड पेट्रोल, शिवाय बॅटरी, नांगर, दोर आणि लाइफ जॅकेट धरले, तर ओढायचे वजन सव्वातीन हजारांच्या आसपास जाते.

दुसरा आकडा अधिक फसवा आहे. गॅरेजवाला सांगतो ती हिचची क्षमता आहे, गाडीची नव्हे. तुमच्या पिढीच्या हायलँडरमध्ये चार सिलिंडरच्या गाडीला १५०० पौंड आणि हायब्रिडला ३५०० पौंड अशी मर्यादा आहे, आणि व्ही-६ला ५००० मिळतात ते कारखान्यातूनच टोइंगची, म्हणजे ट्रेलर ओढण्याची, तयारी करून आलेली असेल तर, म्हणजे मोठा रेडिएटर आणि गिअर ऑइलसाठी वेगळा कूलर असेल तर. बाहेरून हिच जोडल्याने हे काहीही बदलत नाही. गाडी, हिच आणि बॉल (हिचवरचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) यांपैकी ज्याचा आकडा सर्वांत लहान, तोच तुमचा आकडा समजावा.

शिवाय एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार ट्रेलरच्या दांडीतून हिचवर पडायला हवा. तो फार कमी पडला की महामार्गावर ट्रेलर हेलकावे घेऊ लागतो. हा तीनशे-सव्वातीनशे पौंडांचा भार गाडीत बसलेल्या माणसांच्या आणि सामानाच्या वजनात मिळवून चालकाच्या दाराच्या चौकटीवरील, गाडीत किती भार चालतो हे सांगणाऱ्या लेबलाशी ताडून पाहावा. माझे मत विचाराल तर पहिल्या फेरीला मुलांना घरीच ठेवावे.

तळ्याकाठी:

वजनाचे वर आलेच आहे, म्हणून मी बोटीपुरते लिहितो. आपल्याकडे जुन्या बोटींचा खरा शत्रू हिवाळा. या इंजिनांत बहुधा तळ्याचेच पाणी खेळवून थंडावा दिला जातो, आणि शरद ऋतूत ते पाणी पूर्ण काढले नाही तर गोठून फुगते आणि इंजिनाचा ब्लॉक तडकतो. म्हणून डिपस्टिक काढून तेल पाहावे. ते दुधाच्या चहासारखे दिसले, म्हणजे त्यात पाणी मिसळलेले असले, तर पुढे बोलणीच नकोत. ब्लॉकच्या बाजूला एखाद्याच पट्ट्यावर ताजा रंग किंवा इपॉक्सीची रेघ दिसली, तर तेथे काय झाले होते हे विचारावे. दरवर्षीच्या विंटरायझेशनच्या (हिवाळ्यापूर्वीच्या तयारीच्या) पावत्या मालकांकडे असतील, तर त्या चकचकीत पॉलिशपेक्षा मोलाच्या आहेत.

ड्राइव्हच्या तळाचा स्क्रू किंचित सैल करून आतील तेलही पाहावे. तेही दुधाळ असेल तर सील गेलेले असते. ड्राइव्ह आणि बोट यांच्यामधील रबरी बेलोज (भात्यासारखे आवरण) हाताने चाचपून भेगा शोधाव्यात, कारण तेथून पाणी शिरून उभी बोट बुडू शकते. मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जावी. सगळीकडे टणक आवाज येऊन एखाद्या ठिकाणी बद्द आवाज आला, तर आतील लाकूड कुजले आहे असे समजावे, आणि ती दुरुस्ती बोटीच्या किमतीलाही मागे टाकू शकते. मालकांनी अंगणात इंजिन सुरू करून दाखवले, तर आधी ड्राइव्हला पाण्याची नळी जोडली आहे ना, हे पाहावे. कोरडे चालवल्यास पाणी खेळवणाऱ्या पंपातील इम्पेलरचे रबर लगेच जळते. मात्र अंगणातील चाचणी पुरेशी मानू नये. पोर्ट क्लिंटनला लेक इरी दाराशीच आहे, तेव्हा पाण्यात फेरी मागण्यात संकोच कसला? काही शे डॉलर खर्चून स्वतंत्र मरीन सर्व्हेअर (बोटींचा तपासनीस) नेलात तर अधिकच चांगले.

नोव्हायकर:

दोघांचेही आभार. गाडीचा व्हीआयएन (ओळखक्रमांक) देऊन डीलरकडे चौकशी केली असता टोइंगची तयारी कारखान्यातूनच असल्याचे कळले, म्हणजे तो प्रश्न मिटला. मालकांनी ट्रेलरचे फोटो पाठवले आहेत. टायर नव्यासारखे दिसतात, नक्षीही पूर्ण आहे. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांपुढे शेवटचे चार आकडे १५१३ असे आहेत. ट्रेलरला ब्रेक नाहीत. कागदपत्रांचे काय करावे, हेही कोणी सांगावे.

कागदोपत्री:

बोट आणि ट्रेलर यांचे कागद वेगळे असतात, हे प्रथम लक्षात घ्यावे. ओहायोत १४ फुटांपासूनच्या बोटींना टायटल (मालकीचा सरकारी दाखला) असते आणि विक्रेत्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते, त्यामुळे शनिवारी नोटरी कोठे मिळेल हे मालकांनाच आधी विचारावे. टायटलवर बँकेच्या कर्जाची नोंद आहे का, ते पाहावे. ट्रान्समच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात १२ अक्षरांचा एचआयएन (बोटीचा ओळखक्रमांक) कोरलेला असतो, तो टायटलवरील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे आणि त्याचे शेवटचे दोन आकडे ०६ असावेत. हलक्या ट्रेलरला ओहायोत टायटल नसते, म्हणून त्याच्या नोंदणीची प्रत आणि सही केलेले बिल ऑफ सेल (विक्रीची पावती) वेगळे घ्यावे. इंजिन कायमचे बसवलेले असल्यामुळे तुमच्या बोटीला मिशिगनमध्येही टायटल लागेल आणि सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (नोंदणीच्या) कार्यालयात ६ टक्के कर भरावा लागेल. ट्रेलर कोणत्या नंबरप्लेटवर आणायचा, हेही तेथेच निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

हिशेबी:

त्या १५१३चा अर्थ २०१३ सालचा १५वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने आणि वयाने मरतात, त्यामुळे नक्षी पाहून त्यांची पारख करता येत नाही. एवढ्या जुन्या टायरांवर मी ती बोट मालकांच्या फाटकाबाहेरही काढणार नाही. नव्या एसटी (खास ट्रेलरच्या) टायरांचा खर्च किमतीतून वजा करून मागावा आणि ते तेथेच बसवून घ्यावेत. चाके निघतीलच, तेव्हा बेअरिंगही पाहून घ्यावे: चाक उचलून वरखाली धरून हलवल्यास खेळ जाणवता कामा नये, आणि फिरवल्यावर खरखर ऐकू येऊ नये.

ब्रेक नसणे मला खटकते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी वेगळी मर्यादा दिलेली असेल, ती ५०००च्या जवळपासही नसते. ती ओलांडली जात असेल, तर एखाद्या व्यावसायिकाकडून बोट नोव्हायला आणवून घ्यावी आणि ब्रेक येथे बसवावेत. नव्वद-शंभर मैलांच्या वाहतुकीचा खर्च होईल, पण टोलेडोच्या गर्दीत बिनब्रेकच्या तीन हजार पौंडांसह शिकण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.

ब्रेक बसवल्यानंतर स्वतः ओढाल, तेव्हा कपलरवर (दांडीच्या टोकाच्या, बॉलवर बसणाऱ्या वाटीवर) ठोकलेला आकार वाचूनच बॉल घ्यावा. दोन इंची कपलरवर एक पूर्णांक सात-अष्टमांश इंची बॉल वरवर बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो. साखळ्या दांडीखालून एकमेकींना फुली करून अडकवाव्यात. पुढचा विंचचा (बोट ट्रेलरवर ओढणाऱ्या चरखीचा) पट्टा पुरेसा नसतो, मागून ट्रान्समलाही दोन पट्टे हवेत. निघाल्यावर दहा-पंधरा मैलांनी थांबून ट्रेलरच्या चाकांच्या हबजवळ (मधल्या तुंब्याजवळ) हात न्यावा आणि एक हब दुसऱ्यापेक्षा फार गरम लागला, तर पुढे जाऊ नये.

तळ्याकाठी:

एक राहिले. पाण्यातील फेरीनंतर निघताना तळाचे बूच काढून सगळे पाणी गाळावे आणि पाणवेलींचे धागे झटकावेत. २०१९पासून मिशिगनमध्ये तसा कायदाच आहे. काढलेले बूच मात्र गाडीच्या किल्लीला बांधून ठेवावे, म्हणजे कॅस लेकच्या रॅम्पवर ते लावायचे राहणार नाही.