सशाची नसबंदी: उपाशी ठेवू नका

शस्त्रक्रियेआधी 'आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा' असं सांगतात, पण तो सल्ला कुत्र्या-मांजरांचा आहे. सशाला उलटी होतच नाही, आणि पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात. त्यामुळे भूल देईपर्यंत गवत-पाणी चालू ठेवा, दवाखान्यातही त्याची रोजची हरळी सोबत न्या. रत्नागिरीच्या उकाड्यात प्रवास सकाळी लवकरच करा.

घरी आल्यावर लेंड्या मोजा. बारीक, वेड्यावाकड्या असतील तर आतडी मंद आहेत. १२ तासांत खाल्लं नाही किंवा लेंडीच नाही, तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा. बहुतेकदा दुखतंय म्हणूनच तो खात नाही. वेदनाशामक विचारून घ्याच.

भुसा काढून जुनं सुती लुगडं अंथरा. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात, मच्छरदाणी हवीच. आणि नर ४ ते ६ आठवडे मादीपासून वेगळा.