मदत हवी आहे: लिनक्स मिंट टाकल्यानंतर लॅपटॉपची स्क्रीन काळीच राहते

नमस्कार मंडळी,

माझे वडील निवृत्त शिक्षक असून गावच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी आणि देवघेवीच्या नोंदी एका जुन्या लॅपटॉपवर ठेवतात. लॅपटॉप २०१२ सालचा, इंटेलच्या तिसऱ्या पिढीतील कोअर आय-३ प्रोसेसरचा आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ८ जीबी आहे आणि हार्ड डिस्कच्या जागी नंतर एसएसडी बसवली आहे. विंडोज १० ची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आणि विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरला चालत नाही, म्हणून सर्व नोंदी पेन ड्राइव्हवर घेऊन मी त्यावर लिनक्स मिंट २२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची सिनॅमन आवृत्ती टाकली.

इन्स्टॉल करताना पेन ड्राइव्हवरून नेहमीच्या पर्यायाने सुरुवात केली, तेव्हा मिंटचे चिन्ह दिसून स्क्रीन काळी झाली. त्याच मेनूतील कंपॅटिबिलिटी मोड निवडल्यावर मात्र चित्र व्यवस्थित आले आणि त्यातूनच इन्स्टॉलेशन पूर्ण केले. आता एसएसडीवरून सुरू केल्यावर कंपनीचे चिन्ह दिसते, मग स्क्रीन काळी होते आणि तशीच राहते. कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो, अंदाजाने पासवर्ड टाकून एंटर दाबले की लॉगिनचा आवाजही येतो. एचडीएमआय केबलने टीव्ही जोडला तर त्यावर डेस्कटॉप उत्तम दिसतो, आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपची स्वतःची स्क्रीनही १३६६ × ७६८ अशी चालू असल्याचे दिसते.

तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने पॅनेल, म्हणजे स्क्रीनचा मुख्य भाग, गेले असून बदलावे लागेल असे सांगितले आहे. त्याचा खर्च या लॅपटॉपच्या आजच्या किमतीच्या जवळपास जातो. वडिलांना नवे यंत्र घ्यायचे नाही आणि वाचनालयाचे काम थांबले आहे. दोष खरोखर पॅनेलचा आहे की सॉफ्टवेअरचा, हे लॅपटॉप न उघडता कसे ठरवावे, याचे मार्गदर्शन कृपया करावे.

प्रतिसाद १

कृपया पॅनेल बदलू नका. आपण दिलेल्या माहितीतच त्याच्या विरोधात पुरेसा पुरावा आहे.

कंपॅटिबिलिटी मोड म्हणजे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, नोमोडसेट हा पर्याय देऊन केलेली सुरुवात. एरवी कर्नल सुरू होताच ग्राफिक्सचा ड्रायव्हर (चित्र हाताळणारा प्रोग्राम), आपल्या यंत्रात आय९१५, स्क्रीनचा ताबा घेतो, रिझोल्यूशन ठरवतो आणि स्क्रीनमागच्या उजेडाचे, म्हणजे बॅकलाइटचे, नियंत्रणही हातात घेतो. नोमोडसेट दिले की हा ड्रायव्हर बाजूला राहतो आणि बायॉसने, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामने, स्क्रीन जशी लावून दिली तशीच ती चालू राहते. त्या अवस्थेत आपल्याला चित्र स्वच्छ दिसले, याचा अर्थ पॅनेल, त्याची केबल आणि बॅकलाइट ही तिन्ही ठणठणीत आहेत. शिवाय १३६६ × ७६८ हा आकडा पॅनेल स्वतः केबलवाटे कळवते. केबल तुटलेली असती तर तो बहुधा मिळालाच नसता.

आता एक चाचणी करा. खोलीत अंधार करून लॅपटॉप नेहमीसारखा सुरू करा आणि काळ्या स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च अगदी जवळून, तिरका धरून सावकाश फिरवा. जे दिसेल ते इथे लिहा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. टॉर्चच्या उजेडात लॉगिनची चौकट, वडिलांचे नाव आणि पासवर्डची रिकामी जागा पुसट पण नक्की दिसते. टॉर्च बाजूला घेतला की काहीच दिसत नाही. ब्राइटनेस वाढवण्याच्या कळा दाबल्यावर कोपऱ्यात पट्टी वाढताना दिसते, पण उजेड येत नाही.

प्रतिसाद २

म्हणजे चित्र तयार होत आहे, फक्त मागचा दिवा बंद आहे. पट्टी हलते पण उजेड बदलत नाही, यावरून ब्राइटनेसची आज्ञा भलत्याच ठिकाणी जात असावी.

टीव्ही जोडून फाइल मॅनेजरमध्ये मूळ फाइल सिस्टीम उघडा आणि तिच्यातील सिस, मग क्लास, मग बॅकलाइट या फोल्डरात काय आहे ते पाहा. विंडोज ७ च्या काळातल्या लॅपटॉपवर तिथे बहुधा एसीपीआय_व्हिडिओ० हे नाव असते. त्यात ब्राइटनेस बायॉसमार्फत बदलला जातो आणि काही यंत्रांत बायॉसचा तो भाग नीट काम करत नाही. त्याऐवजी इंटेलच्या ड्रायव्हरने थेट दिवा हाताळावा, असे कर्नलला सांगता येते.

हा बदल आधी एका वेळेपुरता करून पाहा, म्हणजे बिघडले तरी पुन्हा सुरू केल्यावर सर्व पूर्ववत होईल. लॅपटॉप चालू करताच शिफ्टची कळ दाबून धरा, म्हणजे ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येईल. (यूईएफआय या बायॉसनंतरच्या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या यंत्रावर शिफ्टऐवजी एस्केप दाबतात.) हा मेनू ड्रायव्हरच्या आधी येतो, त्यामुळे तो लॅपटॉपच्या स्क्रीनवरच दिसेल. पहिल्या नोंदीवर ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्यात क्वाएट स्प्लॅशच्या पुढे एक जागा सोडून एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह असे लिहा आणि एफ१० दाबा. टाइप करताना सर्व अक्षरे रोमन लिपीतली आणि लहान असावीत. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे जागा सोडू नये. गुण आला नाही, तर नेटिव्हच्या जागी व्हेंडर घालून पाहा.

नोमोडसेट कायमचे लावून काम भागवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळेल, पण तो घेऊ नका. त्याने ग्राफिक्सचा सगळा भार प्रोसेसरवर येतो, आणि इतक्या जुन्या आय-३ वर साधी यादी खाली सरकवतानाही ते जाणवेल.

धागाकर्ता

फोल्डरात एसीपीआय_व्हिडिओ० हेच नाव होते. नेटिव्ह लिहून एफ१० दाबल्यावर स्क्रीन लागली! आता तिथे इंटेल_बॅकलाइट असे नाव दिसते आणि ब्राइटनेसच्या कळांनी उजेड खरोखर कमी-जास्त होतो. वडिलांनी लगेच यादी उघडून पाहिली, सर्व नोंदी जागेवर आहेत. हा बदल कायमचा कसा करावा, आणि कर्नलचे अद्यतन आल्यावर तो पुन्हा करावा लागेल का, एवढे कृपया सांगावे.

प्रतिसाद २

फार आनंद झाला. ईटीसी फोल्डरात डिफॉल्ट हा फोल्डर आणि त्यात ग्रब नावाची फाइल आहे. डिफॉल्ट फोल्डरात उजवे क्लिक करून तो रूट म्हणून, म्हणजे पूर्ण अधिकारांनी, उघडा आणि मग ती फाइल उघडा. क्वाएट स्प्लॅश ज्या अवतरणचिन्हांत आहे त्याच चिन्हांच्या आत, स्प्लॅशनंतर, एक जागा सोडून एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह हेच लिहून फाइल जतन करा. त्यानंतर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, सुडो अपडेट-ग्रब ही आज्ञा द्या. ती देईपर्यंत बदल लागू होत नाही. नवा कर्नल आला की मिंट ही आज्ञा आपणहून चालवते आणि याच फाइलमधून पर्याय उचलते, त्यामुळे वडिलांना पुन्हा काही करावे लागणार नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, तोवर वाचनालयाचे काम याच यंत्रावर निर्धास्त चालू द्या.